डॅशबोर्डमधल्या स्टिरिओची जागा बदलणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बऱ्याच गाड्यांत, विशेषतः थोड्या जुन्या गाड्यांत, स्टिरिओ गिअरच्या दांड्याजवळ, जवळजवळ गुडघ्याच्या उंचीवर असतो. ऐन नजरेसमोरच्या जागेत मात्र रिकामा कप्पा किंवा एसीची बटणं असतात. गाडी बनवणाऱ्यांनी ती मांडणी कॅसेट आणि दोन गोल बटणांच्या काळात ठरवली होती. आता तिथे टचस्क्रीन बसवला की त्रास जाणवायला लागतो, आणि मग पुढचे प्रश्न पडतात.

नुसतं गाणं तर बदलायचं असतं. त्यासाठी डॅशबोर्ड उघडायचा खटाटोप कशाला?

गोल बटणांचा स्टिरिओ असेल तर कदाचित नकोच. आवाजाचं बटण न बघता चाचपून सापडतं, त्यामुळे ते खाली असलं तरी फारसं बिघडत नाही. टचस्क्रीनवर बोटाला चाचपायला काहीच नसतं, दर वेळी बघावंच लागतं. ताशी ६० किमी वेगात गाडी दोन सेकंदांत ३३ मीटर पुढे जाते, ताशी १०० किमीला सुमारे ५५ मीटर. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०१३ साली गाडीतल्या उपकरणांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचा गाभा असा, की एका वेळी नजर दोन सेकंदांपेक्षा जास्त रस्त्यावरून हटू नये आणि एखादं काम पूर्ण करताना हटलेल्या नजरेचा एकूण वेळ बारा सेकंदांच्या आत राहावा. स्क्रीन खाली असेल तर नजर खाली नेणं, तिथे स्थिर करणं आणि परत वर आणणं यातच त्या दोन सेकंदांचा मोठा वाटा संपतो. शिवाय खाली बघताना रस्ता डोळ्यांच्या कडेलाही उरत नाही. स्क्रीन वर असला तर पुढच्या गाडीचे ब्रेकलाइट निदान कडेने तरी दिसतात.

माझ्या गाडीतली जागा खरंच वाईट आहे की नुसतं तसं वाटतंय?

मोजून बघा, दहा मिनिटांचं काम आहे. गाडी उभी करून नेहमीच्या स्थितीत बसा आणि दुसऱ्या कुणाला तरी टेप धरायला सांगा. डोळ्यापासून स्टिरिओपर्यंतचं आडवं अंतर घ्या, मग डोळ्याची उंची आणि स्टिरिओच्या मध्याची उंची यांतला फरक घ्या. हा फरक आडव्या अंतराच्या निम्म्याहून थोडा जास्त, म्हणजे ०.५८ पट आला, तर नजर ३० अंश खाली झुकते आहे. जपानी वाहन उत्पादकांच्या संघटनेने स्क्रीनसाठी हीच ३० अंशांची मर्यादा धरली आहे. उदाहरणार्थ, आडवं अंतर ७० सेंमी असेल तर स्क्रीन डोळ्याच्या पातळीपेक्षा ४० सेंमीहून खाली नसावा.

दुसरी चाचणी टेपशिवाय होते. गिअर एकेक करून सगळ्या जागी टाका आणि दर वेळी स्टिरिओकडे बघा, हात लावून बघा. पहिल्या, तिसऱ्या किंवा पाचव्या गिअरला दांडा पुढे गेल्यावर खालची अर्धी बटणं झाकली जाणं हा दोष फार सर्रास दिसतो. तिसरी गोष्ट पाठीची: स्टिरिओला हात लावताना पाठ सीटवरून सुटत असेल तर तो खाली किंवा लांब आहे.

मग चांगली जागा कुठली?

डॅशबोर्डच्या मधल्या पट्ट्यात, जमेल तितकी वर, पण विंडशील्डमधून दिसणाऱ्या रस्त्याच्या आड न येणारी. वरची कड बॉनेट दिसण्याच्या रेषेच्या खालीच राहिली पाहिजे. नको असलेल्या जागा सांगणं त्याहून सोपं आहे: एअरबॅगच्या झाकणावर किंवा तिच्या उघडण्याच्या वाटेत नको, स्टिअरिंगखाली गुडघ्यांसमोर नको, काच साफ करणाऱ्या गरम हवेच्या तोंडाशी नको. डॅशबोर्डच्या माथ्यावर उघडा ठेवलेला स्क्रीन दिसतो छान, पण दुपारी त्यावर ऊन पडलं की काही वाचता येत नाही आणि रात्री त्याचं प्रतिबिंब काचेत पडतं.

वरचा कप्पा आणि खालचा स्टिरिओ यांची अदलाबदल करता येते का?

येत असेल तर सगळ्यात आधी तीच करा. बाकीचे उपाय ही वाट बंद असेल तेव्हाचे.

कप्पा आणि स्टिरिओ यांची तोंडं एकाच मापाची असतात अशा गाड्या भरपूर आहेत, कारण कंपनीने एकाच डॅशबोर्डच्या दोन-तीन आवृत्त्या विकायच्या म्हणून दोन्ही खण प्रमाणित मापाचे ठेवलेले असतात. अशा वेळी काहीही कापावं लागत नाही. खणाभोवतीची प्लास्टिकची पट्टी काढायची, कप्पा बाहेर घ्यायचा, स्टिरिओच्या चौकटीचे स्क्रू सोडवायचे आणि दोन्ही उलट जागी बसवायचे. अडचण येते ती खोलीची. कप्पा बहुधा उथळ असतो आणि त्याच्या मागे काय आहे हे बाहेरून कळत नाही. म्हणून कप्पा काढल्याबरोबर त्या भोकात हात घालून चाचपा, टॉर्च मारून बघा, आणि स्टिरिओच्या उंची-रुंदीचा, पूर्ण खोलीचा पुठ्ठ्याचा डबा करून तो आत सरकवा. मागे कपलर (वायरी जोडणारे प्लग) आणि वायरींच्या वळणाला आणखी चार-पाच सेंमी लागतात, ती पुठ्ठ्यात धरा. पुठ्ठा सहज गेला तर स्टिरिओ जाईल. पुठ्ठ्याला जोर लावावा लागला तर तिथे लोखंडी डब्याला जागा नाही.

काही गाड्यांत वरच्या खणाच्या बाजूला स्टिरिओच्या ब्रॅकेटसाठी स्क्रूची भोकं आधीच पाडलेली असतात. ती दिसली तर निम्मं काम झालेलं आहे.

एसीची बटणं खाली आणि स्टिरिओ वर, असं जमेल का?

एसी-हीटरचे नॉब कशाने चालतात त्यावर ते आहे. नॉब फिरवताना थोडा जोर लागत असेल आणि आतून झडप हलल्याचा आवाज येत असेल तर मागे तारेच्या केबल आहेत. त्या केबलची लांबी मोजूनमापून दिलेली असते. पॅनल दहा सेंमी खाली नेलं तरी केबलचं वळण बदलतं, नॉब जड होतो, कधी गरम हवा पूर्ण बंदच होत नाही. केबल वाढवता येत नाही, नवी लांब केबल मिळवावी लागते. बटणं दाबायची असतील आणि मागे फक्त वायरी असतील तर हा बदल स्टिरिओइतकाच सोपा आहे.

मधल्या एसीच्या जाळ्या काढून तिथे स्टिरिओ बसवलेला पाहिला आहे. करू का?

नका करू. जाळ्यांमागे हवेचा मोठा नळ असतो, तो कापला की मधली हवा बंद आणि उरलेली भलतीकडे. हिवाळ्यात तीच गरम हवा स्टिरिओच्या अंगावर येते.

स्टिरिओचा डबा सीटखाली किंवा ग्लव्हबॉक्समध्ये ठेवून फक्त स्क्रीन वर आणला तर?

हा मार्ग उत्तम आहे, फक्त त्यासाठी तसाच बनलेला संच हवा: डबा वेगळा, स्क्रीन वेगळा, मध्ये कंपनीची केबल. एकसंध स्टिरिओ फोडून त्याचा स्क्रीन लांब न्यायचा उद्योग करू नये, आतली चपटी केबल त्यासाठी नसते.

कल्पना मात्र नवी अजिबात नाही. १९३२ साली जर्मनीत आलेला ब्लाउपुंक्टचा गाडीतला रेडिओ सुमारे दहा लिटर आकारमानाचा होता. तो डॅशबोर्डमध्ये मावणं शक्यच नव्हतं, म्हणून डबा दुसरीकडे आणि त्याची बटणं स्टिअरिंगच्या दांड्यावर अशी सोय केली होती. चालवणाऱ्याच्या हाताशी काय हवं आणि काय कुठेही चालेल, हा फरक तेव्हाच्या लोकांना जागेच्या अडचणीने शिकवला. तुम्हीही काम सुरू करण्याआधी हेच विचारा: मला डबा हलवायचा आहे, स्क्रीन हलवायचा आहे, की फक्त बटणं? आवाज आणि गाणं बदलणं एवढंच दुखणं असेल तर स्टिअरिंगवर लावायचा छोटा रिमोट पुरतो आणि डॅशबोर्डला हातही लावावा लागत नाही.

पुढे निघालेला, तरंगता स्क्रीन घेतला तर खण न बदलता उंची मिळते का?

मिळते. असे संच डबा आहे त्याच खणात ठेवतात आणि नऊ-दहा इंची स्क्रीन एका दांड्यावर पुढे आणि वर धरतात. दोन गोष्टी मात्र बघाव्यात. स्क्रीन मधल्या एसीच्या जाळ्या किंवा धोक्याचे चारही दिवे लावायचं बटण झाकतो का? झाकत असेल तर तो संच त्या गाडीसाठी नाही. दुसरं, खराब रस्त्यावर तो किती थरथरतो. दांडा जितका लांब, तितकी थरथर जास्त, आणि थरथरत्या स्क्रीनवर बोट नेमकं पडत नाही.

कंपनीतून आलेला मूळ स्टिरिओ हलवता येईल का?

जुन्या गाडीत, हो. नव्या गाडीत आधी तपासा की तो फक्त स्टिरिओ आहे का. आज अनेक गाड्यांत तोच डबा पार्किंगचे इशारे वाजवतो, एसीची माहिती दाखवतो, दरवाज्यांच्या कुलपांची सेटिंग ठेवतो, आणि गाडीच्या इतर कंट्रोलरांशी कॅन बस नावाच्या दोन पिळलेल्या वायरींवरून बोलतो. त्या वायरी वाढवायच्या तर पीळ तसाच ठेवून, दोन्ही सारख्याच वाढवाव्या लागतात.

काही महागड्या जर्मन गाड्यांत आवाज तांब्याच्या तारेतून न जाता प्रकाशाच्या केबलमधून जातो. ती केबल साधारण २५ मिमी त्रिज्येपेक्षा आवळून वळवली की सिग्नल बिघडतो, आणि ती कापून सोल्डर करता येत नाही. प्लगमध्ये लालसर प्रकाश दिसला तर तिथेच थांबा आणि त्या कामाचा जाणकार गाठा.

मापं काय धरायची?

जर्मन डिन ७५४९० या मानकातून आलेलं आणि पुढे आयएसओ ७७३६ म्हणून जगभर गेलेलं माप असं: एका डिनच्या स्टिरिओचं तोंड १८० × ५० मिमी, डबल डिनचं १८० × १०० मिमी. एका डिनच्या लोखंडी चौकटीसाठी डॅशबोर्डमधलं भोक मात्र १८२ × ५३ मिमी लागतं. हे दोन-तीन मिलिमीटर विसरून भोक पाडलं तर चौकट ठोकून बसवावी लागते आणि पट्टीला तडा जातो.

खोलीला असं एकच माप नाही. सीडी वाजवणारा डबा साधारण १६ सेंमी खोल असतो, सीडी नसलेला बराच आखूड, कधी १० सेंमीच्याही आत. नवीन जागा उथळ असेल तर आखूड डबा घेणं हे डॅशबोर्डमागचं काही कापण्यापेक्षा केव्हाही शहाणपणाचं.

डॅशबोर्डमागे कापायला चालेल असं काय आणि न चालणारं काय?

प्लास्टिकच्या पातळ रेघा, कप्प्याची मागची भिंत, रिकाम्या खणाच्या कडा चालतात. डॅशबोर्डमागे एका दरवाज्यापासून दुसऱ्या दरवाज्यापर्यंत जाणारा लोखंडी किंवा मॅग्नेशियमचा आडवा बीम असतो. स्टिअरिंगचा दांडा आणि पुढच्या प्रवाशाची एअरबॅग त्यालाच टांगलेली असते. त्याला भोक पाडायचं नाही, कानस लावायची नाही, त्याचं ब्रॅकेटही वाकवायचं नाही. स्टिरिओ त्याला अडत असेल तर ती जागा बाद.

एअरबॅगची भीती वाटते. उगाच का?

उगाच नाही. एअरबॅग पूर्ण फुगायला सेकंदाच्या सुमारे तीन शतांश इतकाच वेळ लागतो. तिच्या वाटेत बसवलेली कुठलीही वस्तू त्या वेगाने माणसाच्या अंगावर येते. झाकणाच्या कडेपासून स्क्रीन दूर ठेवा. स्टिअरिंगखाली गुडघ्यांची एअरबॅग आहे का हे गाडीच्या पुस्तिकेत बघा, ती असल्याचं बाहेरून पटकन लक्षात येत नाही.

काम सुरू करताना इग्निशन बंद, बॅटरीचं निगेटिव्ह टोक आधी सोडवायचं, आणि पुस्तिकेत दिला असेल तितका वेळ थांबायचं. तो गाडीगणिक एका मिनिटापासून दहा मिनिटांपर्यंत असू शकतो. बॅटरी काढल्यावरही एअरबॅगच्या कंट्रोलरमध्ये काही काळ वीज साठलेली असते, म्हणून हे थांबणं. पिवळे कपलर आणि पिवळ्या नळीतल्या वायरी एअरबॅगच्या असतात. त्यांना मीटर लावायचा नाही, टेस्टर लावायचा नाही, त्यातून वीज घ्यायची नाही. बॅटरी सुटलेली असताना इग्निशन चालू करू नका. बॅटरी जोडलेली आणि एअरबॅगचा कपलर सुटलेला, अशा स्थितीत तर अजिबात नको. डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागला की बऱ्याच गाड्यांत तो स्कॅनरनेच (गाडीचे दोष वाचणाऱ्या यंत्राने) घालवावा लागतो.

बॅटरी सोडण्याआधी आणखी एक: मूळ स्टिरिओला चोरीविरोधी कोड असेल तर तो हाताशी आहे ना, हे बघून घ्या.

हत्यारं कुठली लागतात?

प्लास्टिकच्या पाचरी, चार-तोंडी स्क्रू ड्रायव्हर, ७ आणि १० मिमीचे सॉकेट, काही गाड्यांत चांदणीच्या आकाराचे टॉर्क्स बिट, मल्टिमीटर. काही स्टिरिओंच्या तोंडावर दोन्ही बाजूंना छोटी भोकं असतात, त्यांना सुटण्यासाठी तारेच्या खास चाव्या लागतात. लोखंडी स्क्रू ड्रायव्हरने पट्टी उचकू नका, त्याचा व्रण कायमचा राहतो. आणि थंडीत काम असेल तर गाडीचा हीटर आधी चालवून डॅशबोर्ड कोमट करून घ्या, क्लिपा कमी तुटतात.

वायरी वाढवाव्या लागतील का? कशा?

खण एकमेकांच्या वर-खाली असतील तर कित्येकदा लागत नाहीत. कंपनीने दिलेल्या हार्नेसला, म्हणजे वायरींच्या जुडग्याला, एखादी क्लिप सोडवली की वीसेक सेंमी मोकळीक निघते. ती निघाली नाही तर मूळ हार्नेस कापू नका. बाजारात एक्स्टेन्शन हार्नेस मिळतात, एका टोकाला नर कपलर आणि दुसऱ्या टोकाला मादी. तो मध्ये घातला की काम झालं, आणि गाडी पूर्ववत करायची तर नुसता उपटायचा.

स्वतः वाढवणार असाल तर वायर मूळ वायरीइतकी किंवा जाड घ्या. हिशोब सांगतो: ०.७५ चौरस मिमीच्या तांब्याच्या वायरीतून १० अँपिअर जाताना, जाणं-येणं धरून दर मीटर वाढीमागे साधारण अर्धा व्होल्ट गळतो. वाढ तीस-चाळीस सेंमीचीच असेल तर त्याने काही बिघडत नाही. पण डबा सीटखाली नेत असाल तर दीड चौरस मिमीची वायर घ्या, गळती निम्मी होते. बॅटरीवरून नवी वायर आणणार असाल तर फ्यूज बॅटरीच्या टोकाशी, जितका जवळ बसवता येईल तितका जवळ. फ्यूज स्टिरिओजवळ बसवला तर मधली सगळी वायर असुरक्षित राहते आणि ती कुठे पत्र्याला घासली तर आग लागते.

जोड क्रिंप करा (धातूच्या नळीत दाबून पक्का करा) किंवा सोल्डर करा, वर श्रिंक ट्यूब, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी. सोल्डर केलेला जोड ताठ होतो आणि वायर त्याच्या कडेशीच तुटते, म्हणून जोडाशेजारी वायर कशाला तरी बांधून घ्या. वायर पिळून वर काळी टेप गुंडाळणं हा उपाय नाही. उन्हात डॅशबोर्डमागे टेपचा गोंद पातळ होतो, टेप सरकते आणि उघडी तार पत्र्याला लागते. दाबून बसवायच्या, इन्सुलेशन चिरणाऱ्या क्लिपाही टाळा. नव्या असताना त्या चालतात आणि वर्षभरात लूज कॉन्टॅक्ट देतात, तोही फक्त खड्ड्यात, म्हणजे शोधायला सगळ्यात कठीण.

वायरींच्या रंगांवर विश्वास ठेवावा का?

बाजारातल्या स्टिरिओच्या बाजूने, बहुतेक वेळा. पिवळी म्हणजे बॅटरीचा कायमचा प्लस, लाल म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा, काळी अर्थ (अर्थिंग, गाडीच्या बॉडीला जोडलेली), निळी अँटेनाला, निळी-पांढरी अँप्लिफायर चालू करायला, नारिंगी दिव्यांसाठी. पांढरी डाव्या पुढच्या स्पीकरची, करडी उजव्या पुढच्या, हिरवी डाव्या मागच्या, जांभळी उजव्या मागच्या. काळी रेघ असलेली जोडवायर त्या त्या स्पीकरची निगेटिव्ह.

गाडीच्या बाजूने रंगांवर अजिबात विसंबू नका, मीटर लावून बघा. आयएसओ कपलरच्या विजेच्या ठोकळ्यात ४ नंबरला कायमचा प्लस, ७ नंबरला चावीचा आणि ८ नंबरला अर्थ असा नियम आहे, पण काही गाड्यांत ४ आणि ७ उलटे असतात. ते न बघता जोडलं की स्टिरिओ चालतो, पण चावी काढली की सगळी स्टेशनं आणि घड्याळ विसरतो.

आणखी एक ताकीद. स्पीकरची निगेटिव्ह वायर कधीही बॉडीला अर्थ करू नका, दोन स्पीकरांच्या निगेटिव्ह एकत्रही करू नका. आजच्या स्टिरिओत दोन्ही वायरींवर सिग्नल असतो. अर्थ केली की आतला अँप्लिफायर जळतो.

जागा बदलल्यावर रेडिओ खरखरतो. काय झालं?

बहुधा अँटेनाची केबल. ती ताणली गेली असेल तर प्लग अर्धवट निसटलेला असतो, आधी तोच दाबून बघा. वाढीव केबल घातली असेल तर लांबी गरजेपुरतीच ठेवा. जास्तीच्या केबलचा फटका एफएमपेक्षा मीडियम वेव्हला अधिक बसतो. छतावरची छोटी अँटेना असेल तर तिच्या बुडाशी अँप्लिफायर असतो आणि त्याला १२ व्होल्ट लागतात. निळी वायर जोडायची राहिली तर जवळची स्टेशनं लागतात आणि लांबची गायब होतात.

माइक, यूएसबी आणि मागच्या कॅमेऱ्याचं काय?

माइक स्टिरिओबरोबर हलवायची गरज नाही, तो चालवणाऱ्याच्या तोंडाच्या जवळ आणि एसीच्या हवेपासून दूर असला की झालं. मॅपसाठीची उपग्रहाची अँटेना डॅशबोर्डच्या वरच्या सालीखाली, तोंड आकाशाकडे करून ठेवा. तिच्यावर पत्रा नको. यूएसबी वाढवायची तर चांगली आणि आखूड केबल घ्या. फोन चार्ज होतो पण स्क्रीनवर मॅप येत नाही किंवा मध्येच तुटतो, या तक्रारीचं मूळ बहुतेकदा स्वस्तातल्या वाढीव केबलमध्ये सापडतं. कॅमेऱ्याची वायर लांब असते, ती सहसा पुरते.

हँडब्रेकची वायर (हँडब्रेक ओढलेला असेल तरच व्हिडिओ दिसू देणारी) मात्र जिथे जोडायला सांगितली आहे तिथेच जोडा. गाडी चालू असताना व्हिडिओ दिसावा म्हणून ती सरळ अर्थ करणारे पुष्कळ आहेत. नजर रस्त्यावर राहावी म्हणून स्टिरिओ वर आणायचा आणि मग त्यावर सिनेमा लावायचा, याला काय म्हणावं?

भोक पाडावंच लागलं तर?

तुकडा गाडीतून बाहेर काढून काम करा. त्याच्या मागे साच्यातच उमटवलेली, प्लास्टिकचा प्रकार सांगणारी अक्षरं असतात, ती आधी वाचा. एबीएस किंवा पीसी-एबीएस असेल तर पुढे चिकटवता, भरता, रंगवता येतं. पीपी असेल तर जवळजवळ कुठलाही गोंद त्याला नीट धरत नाही, तिथे स्क्रू आणि ब्रॅकेटचाच विचार करा.

रेघ आखून तिच्या दीड-दोन मिमी आत कापा आणि उरलेलं कानसेने काढा. फिरत्या यंत्राने कापत असाल तर वेग कमी ठेवा, नाहीतर प्लास्टिक कापलं न जाता वितळतं आणि मागून परत चिकटतं. कोपऱ्यांत आधी गोल भोक पाडून घ्या. काटकोनात थांबलेल्या कापापासूनच पुढे तडा जातो.

कड शेवटी पॉलिश पेपरने गोल करा. याला सौंदर्यापलीकडचं कारण आहे. गाडीच्या आतल्या वस्तूंसाठी संयुक्त राष्ट्रांचा एकविसावा वाहन नियम आहे. अपघातात डोकं आदळू शकेल अशा भागातल्या कडांना किमान २.५ मिमीची गोलाई हवी, असं तो सांगतो. घरी कापलेल्या पट्टीची कड सुरीसारखी असते.

स्टिरिओ मागून लोंबकळतो. काही आधार द्यायचा का?

द्यायलाच हवा. पुढच्या चौकटीच्या जिभल्यांवर सगळं वजन सोडलं तर काही महिन्यांत खडखड सुरू होते. डब्याच्या पाठीला बोल्टाची जागा असते. तिथून भोकांची लोखंडी पट्टी जवळच्या पक्क्या ब्रॅकेटला न्या. आधीपासून असलेलं भोकच वापरा, नवं पाडू नका. सीडीचा डबा असेल तर तोंड किती वर झुकवायचं यालाही मर्यादा आहे, बहुतेक पुस्तिका ३० अंशांपर्यंतच परवानगी देतात. सीडी नसेल तर ही अट सुटते.

नवीन जागी स्टिरिओ फार तापतो. हे ठीक आहे का?

कोमट लागणं ठीक, हात ठेववत नसेल तर नाही. बहुतेक स्टिरिओ ६० अंश सेल्सिअसपर्यंत चालतात असं त्यांच्या कागदावर लिहिलेलं असतं, आणि उन्हात बंद उभ्या गाडीच्या डॅशबोर्डची वरची साल त्याहून जास्त तापू शकते. म्हणजे जागा जितकी वर, तितकी उष्णता जास्त. हे दुखणं या बदलाबरोबर येतंच. उपाय: डब्याची पाठ मोकळी ठेवा, वायरींचा गुंता त्यावर कोंबू नका, स्पंजने चारही बाजू बंद करू नका. गाडी उभी करताना काचेला पडदा लावला तर फरक जाणवतो.

बदलानंतर इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू येते.

अर्थचा दोष. मूळ हार्नेसमधली अर्थची वायर सोडून जवळच्या रंगवलेल्या स्क्रूला जोडली की हेच होतं. परत मूळ अर्थला जोडा. वेगळा अँप्लिफायर असेल तर त्याच्या सिग्नल वायरी आणि जाड विजेची वायर एकाच बाजूने आल्या आहेत का, तेही बघा.

खाली रिकाम्या झालेल्या खणात काय ठेवू?

काढलेला कप्पा. तो तिथे बसत नसेल तर त्या मापाची बंद पट्टी मिळते. उघडं भोक ठेवू नका, त्यातून पेनं आणि नाणी आत पडून एसीच्या झडपेत अडकतात.

वॉरंटी किंवा गाडीच्या तपासणीत अडचण येईल का?

कपलरला कपलर जोडून, काही न कापता केलेल्या बदलाला सहसा कुणी हरकत घेत नाही. हार्नेस कापला असेल तर विजेच्या कुठल्याही बिघाडाचं खापर त्यावर फुटू शकतं. एअरबॅगच्या आसपास बदल केला असेल तर तपासणीत गाडी नापास होऊ शकते. नियम देशागणिक वेगळे आहेत. विमा कंपनीला बदल कळवावा लागतो का, हे पॉलिसीच्या कागदातच बघा.

काढलेले जुने भाग ठेवायचे की टाकायचे?

ठेवायचे. मूळ पट्टी, ब्रॅकेट आणि स्क्रू एका पिशवीत, पिशवीवर कुठला स्क्रू कुठला ते लिहून. एकाच डॅशबोर्डमध्ये लांबीने जवळजवळ सारखे दिसणारे दोन प्रकारचे स्क्रू असतात आणि लांब स्क्रू आखूड जागी बसवला की तो मागची वायर भोसकतो. पट्टी कापायचीच असेल तर भंगारातून त्याच गाडीची दुसरी आणून ती कापा. मूळ पट्टी जपून ठेवलेली असली की गाडी विकताना ती एका दुपारी पूर्ववत करता येते.